माहितीपान : वेबवर गेलेल्या लेखाचा केसपेपर

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने यंदा ‘वैद्यक आणि संगणक’ या विषयावर मी काही उपयुक्त लिहावे, असा प्रेमाचा आग्रह धरला. मी संगणकशास्त्राचा जाणकार नव्हे. सुरतेत गेली अनेक वर्षे फिजिशियन म्हणून व्यवसाय करतो आणि फावल्या वेळात मंडळाची आरोग्यपत्रके, शिबिरांचे अहवाल व निवडक लेख वेबवर ठेवण्याचे काम पाहतो. या कामात एक क्षुल्लक वाटणारे पान असते. लेखाचे वेबपानांत रूपांतर करणारे साधन ते आपोआप तयार करते, शेवटी जोडते, आणि आपण ते न वाचताच पुढे जातो. त्या पानाविषयी हा लेख आहे. ते आपल्या हाताने लिहिले पाहिजे, हे मला एका रुग्णामुळे कळले. म्हणून आरंभही तेथूनच करतो.

२००६ चा सप्टेंबर

७ ऑगस्ट २००६ पासून तापीला आलेला महापूर आपल्यापैकी अनेकांनी प्रत्यक्ष सोसला आहे. उकाई धरणातून सोडलेले पाणी शहरात शिरले आणि सुरतेचा बहुतांश भाग जलमय झाला. पाणी ओसरल्यावर चिखल, मेलेली जनावरे, उंदीर आणि ताप हे ओघानेच आले. दक्षिण गुजरातेत लेप्टोस्पायरोसिस हा पावसाळ्यातला परिचित आजार असल्याने प्रत्येक तापाकडे आम्ही त्या संशयाने पाहत होतो. परंतु ज्यांनी १९९४ पाहिले होते, त्यांच्या मनात उंदीर म्हटले की दुसरेच नाव येत असे.

अशा दिवसांत लिंबायतमधील एक यंत्रमाग कामगार पत्नीला घेऊन दवाखान्यात आला. कुटुंब मूळचे खानदेशातले. ती पाच महिन्यांची गरोदर होती आणि तक्रार मळमळ व छातीत जळजळ एवढीच. ताप नव्हता. कोणते औषध चालू आहे, असे विचारताच त्याने खिशातून चार घड्या घातलेला एक कागद काढून टेबलावर ठेवला.

“साहेब, ह्या कागदावर लिहिलंय तसंच देतोय. चार दिवस झाले. प्लेग होऊ नये म्हणून.”

कागद इंग्रजीत होता. त्याला इंग्रजी वाचता येत नव्हते. सायबर कॅफेतल्या मुलाने पान शोधून छापून दिले होते, औषधाचे नाव मोठ्याने वाचून दाखवले होते, आणि मेडिकल स्टोअरमधून टेट्रासायक्लिनच्या गोळ्या चिठ्ठीशिवाय मिळाल्या होत्या.

मी जरा चढ्या आवाजात म्हणालो, “अहो, हे किती जुने आहे!”

“जुनं कुठं साहेब? खाली तारीख आहे बघा. यंदाच्या जुलैची.”

तारीख खरोखरच जुलै २००६ ची होती. आणि कागद माझाच होता.

वैद्यकेतर वाचकांसाठी थोडा खुलासा करतो. टेट्रासायक्लिन हे गर्भाच्या वाढत्या हाडांत व दातांत जाऊन बसते. गरोदरपणाच्या उत्तरार्धात ते दिले गेल्यास बाळाचे दुधाचे दात पिवळट-तपकिरी येण्याचा संभव असतो. मोठ्या मात्रेत आईच्या यकृतालाही त्यापासून इजा पोहोचू शकते. म्हणून गरोदर स्त्रिया व आठ वर्षांखालील मुले यांना ते सहसा देत नाहीत. येथे तर त्याची गरजच नव्हती, कारण प्लेग नव्हता. औषध तत्काळ थांबवले, आमच्या स्त्रीरोगतज्ज्ञ भगिनींकडे तिला पाठवले, आणि पुढे कित्येक महिने त्या कागदाने मला स्वस्थ बसू दिले नाही.

१९९४ चे पत्रक

आता कागदाची पूर्वपीठिका. सप्टेंबर १९९४ मध्ये सुरतेत न्यूमोनिक प्लेगची साथ जाहीर झाली. त्याआधी ऑगस्टमध्ये बीड जिल्ह्यातील मामला गावी गाठीच्या प्लेगची बातमी आली होतीच. काही दिवसांत लाखो माणसांनी सुरत सोडली; त्यांत आपले खानदेशी बांधवही फार मोठ्या संख्येने होते. टेट्रासायक्लिन दुकानांतून दिसेनासे झाले. त्या धामधुमीत आम्ही चार-पाच डॉक्टरांनी मिळून एक पत्रक तयार केले. सामान्य जनतेसाठी मराठी व गुजराती आणि व्यवसायबंधूंसाठी इंग्रजी. रुग्णाच्या निकट संपर्कात आलेल्यांना प्रतिबंधक औषध कसे व किती दिवस द्यावे, हे इंग्रजी पत्रकाच्या चौथ्या भागात होते. ‘गरोदर स्त्रिया व लहान मुले यांना देऊ नये’ ही सूचना तळटीपेत होती. पहिल्या पानावर ठळक अक्षरांत ‘ऑक्टोबर १९९४’ असे छापले होते. कागदावर सारे यथास्थित होते, असे मी आजही म्हणेन.

पुढे २००३ मध्ये माझा भाचा अभियांत्रिकी शिकत असताना सुट्टीत घरी आला. मंडळाची जुनी पत्रके वेबवर जतन करावीत, ही कल्पना त्याचीच. तो लेटेक वापरीत असे. लेटेक म्हणजे डोनाल्ड कनूथ यांच्या टेक या मुद्रणप्रणालीवर लेस्ली लॅम्पोर्ट यांनी रचलेली लेखनपद्धती. मजकूर लिहितानाच ‘हे शीर्षक, हा भाग, ही तळटीप’ अशा खुणा करायच्या आणि मांडणी संगणकावर सोपवायची. मलाही संख्याशास्त्राच्या टिपणांसाठी ती आवडली आणि पाहता पाहता मीही शिकलो. अशा लेटेक दस्तऐवजाची वेबपाने करणारे ‘लेटेक-टू-एचटीएमएल’ हे साधन इंग्लंडमधील लीड्स विद्यापीठात निकोस ड्राकोस यांनी १९९३ च्या सुमारास प्रथम केले. पुढे सिडनीच्या मॅक्वारी विद्यापीठातील गणितज्ञ रॉस मूर व इतर अनेकांनी ते वाढवले. एक आज्ञा दिली की लांबलचक दस्तऐवज लहान लहान पानांत विभागून, अनुक्रमणिका जोडून, मागे-पुढे जाण्याची बटणे लावून तयार. आम्हांस ती जादूच वाटली.

जुलै २००६ मध्ये आम्ही पाने दुसऱ्या जागी हलवली. त्या वेळी दोन शब्दांची शुद्धलेखनाची दुरुस्ती करून भाच्याने सगळ्यांचे रूपांतर पुन्हा एकदा केले. पत्रकाच्या आशयात एका अक्षराचाही बदल नव्हता.

शवविच्छेदन

मृत्यूचे कारण कळत नसेल तर आपण शवविच्छेदन करतो. मी तो कागद आणि साधनाची मार्गदर्शक पुस्तिका शेजारी ठेवून तेच केले. दोष साधनाचा नव्हता, हे आधीच सांगतो. ते जे करते ते सारे पुस्तिकेत लिहिलेले आहे. आम्ही पुस्तिका वाचली नव्हती.

पहिली गोष्ट अशी की दस्तऐवजाचे प्रत्येक प्रकरण, प्रत्येक उपभाग वेगळ्या फाइलमध्ये जातो. शीर्षक व मूळ तारीख फक्त पहिल्या पानावर राहते. छापील पत्रक हाती घेणारा माणूस पहिल्या पानावरून आत शिरतो. वेबवर शोध घेऊन येणारा थेट चौथ्या पानावर उतरतो. घराला दार एकच आहे असे आपण समजतो, आणि पाहुणा खिडकीतून आलेला असतो.

दुसरी गोष्ट तळटीपांची. साधन त्या सर्व गोळा करून एका स्वतंत्र पानावर ठेवते आणि मूळ जागी फक्त एक लहानशी खूण ठेवते. पडद्यावर त्या खुणेवर टिचकी मारता येते. कागदावर छापल्यावर ती नुसता एक आकडा उरते. ‘गरोदर स्त्रियांना देऊ नये’ हे वाक्य त्या छापील प्रतीत नव्हतेच.

तिसरी गोष्ट सर्वांत घातक. काही न सांगितल्यास साधन प्रत्येक पानाच्या तळाशी रूपांतर करणाऱ्याचे नाव व रूपांतराची तारीख घालते. मजकुराची तारीख त्याला ठाऊक नसते. त्याला ठाऊक असते ती फक्त आज्ञा कधी दिली गेली ती वेळ. त्यामुळे बारा वर्षांपूर्वीच्या साथीचा उपचार पुरानंतरच्या सुरतेत ‘जुलै २००६’ चा होऊन बसला. केसपेपरवर रुग्ण दाखल झाल्याच्या तारखेऐवजी फाइल कपाटात लावल्याची तारीख लिहिली जावी, तसा हा प्रकार.

हे सर्व सांभाळून घेण्यासाठीच शेवटचे पान असते. इंग्रजीत त्याचे शीर्षक ‘अबाउट धिस डॉक्युमेंट’. मी त्याला माहितीपान म्हणतो. आमच्या पत्रकाच्या माहितीपानावर काय होते? साधनाची आवृत्ती, ड्राकोस व मूर यांची नावे व स्वामित्वहक्काची वर्षे, रूपांतरासाठी दिलेली आज्ञा जशीच्या तशी, आणि भाच्याच्या संगणकावरील लॉगिनचे नाव व तारीख. पत्रक कोणी लिहिले, कशासाठी, केव्हा, यांविषयी एक शब्द नाही. एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी तर ते पान वाचून, “लीड्स विद्यापीठाबरोबर तुमचा हा संशोधनप्रकल्प कधी झाला?” असे मोठ्या कौतुकाने विचारले होते. तेव्हा आम्ही हसलो होतो.

आपली जुनी रीत

खरे तर ही गोष्ट मराठी माणसाला परक्याने शिकवण्याची गरज नव्हती. जुन्या पोथ्या ज्यांनी हाताळल्या असतील त्यांना पुष्पिका ठाऊक असेल. ग्रंथ संपला की लेखनिक शेवटी शक, संवत्सर, तिथी, गाव, कोणासाठी नक्कल केली, हे लिहून मगच लेखणी खाली ठेवी. ज्ञानेश्वरीच्या अखेरीस शके १२१२ हा काळ आणि सच्चिदानंदबाबा हे लेखनिक यांची नोंद आहे. स्थळ गोदावरीच्या परिसरातील नेवासे. त्याहून मला महत्त्वाचे वाटते ते पुढचे. नाथमहाराजांनी पाठभेद पाहून शके १५०६ मध्ये ग्रंथाची शुद्ध प्रत सिद्ध केली, तेव्हा त्यांनी आपला शक निराळा नोंदवला. रचनेचा शक वेगळा, शुद्धीचा शक वेगळा. मूळ काळ पुसून त्यांनी आपला काळ तेथे घातला नाही. आमच्या संगणकाने नेमके तेच केले होते, आणि आम्ही ते करू दिले होते.

वैद्यकीय जगतानेही हा प्रश्न लवकर ओळखला होता. अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात १९९७ मध्ये सिल्बर्ग, लुंडबर्ग व मुसाच्चिओ यांनी इंटरनेटवरील वैद्यकीय माहितीसाठी चार किमान कसोट्या मांडल्या: लेखक कोण व त्याची पात्रता काय, विधानांना आधार कोणता, पैसा व हितसंबंध कोणाचे, आणि मजकूर केव्हा लिहिला व केव्हा सुधारला. जिनिव्हा येथील ‘हेल्थ ऑन द नेट’ या संस्थेने त्याच सुमारास अशीच आचारसंहिता काढली होती. ती पाळणाऱ्यांना चिन्ह मिळत असे. २०२२ मध्ये त्या संस्थेने आपले काम थांबवले. आता बाहेरून शिक्का मारणारे ते कोणी उरले नाही. चारही कसोट्यांची उत्तरे आपल्या माहितीपानावर आपणच लिहायची आहेत.

प्रत्यक्ष कृती

आता पाठ. पुढील नावे मी देवनागरीत लिहिली आहेत. फाइलमध्ये ती रोमन लिपीत टंकित करावयाची आहेत.

लेटेक-टू-एचटीएमएलच्या सवयी बदलण्यासाठी दस्तऐवज ज्या फोल्डरमध्ये आहे तेथेच एक लहान फाइल ठेवावी लागते. तिच्या नावाच्या आरंभी टिंब, मग साधनाचे नाव, मग हायफन व ‘इनिट’. टिंबाने सुरू होणाऱ्या फाइली लिनक्सवर नेहमीच्या यादीत दिसत नाहीत. ती हरवली असे समजून मी दोनदा नव्याने लिहिली होती. साधन पर्ल या भाषेत असल्याने ही फाइलही पर्लचीच. शेवटच्या ओळीत १ हा आकडा व अर्धविराम असलाच पाहिजे, नाहीतर साधन ती स्वीकारत नाही.

या फाइलमध्ये ‘इन्फो’ नावाचा चल असतो: आधी डॉलरचे चिन्ह, मग मोठ्या रोमन अक्षरांत तो शब्द. त्याच्यापुढे बरोबरचे चिन्ह घालून अवतरणांत आपला मजकूर दिला, की साधन आपला ठरीव मजकूर सोडून आपण दिलेलाच मजकूर माहितीपानावर छापते. शून्य दिले तर माहितीपान तयारच होत नाही. अनेकजण ‘नको ती कटकट’ म्हणून शून्य देतात. मला हे मान्य नाही. चुकीचे लेबल काढून बाटली कोरी ठेवणे हा काही उपाय नव्हे. हाच मजकूर आज्ञेसोबत ‘हायफन इन्फो’ असे लिहूनही देता येतो, पण चार ओळींहून अधिक लिहायचे असल्यास फाइलच बरी.

दुसरा चल ‘ॲड्रेस’. प्रत्येक पानाच्या तळाशी काय छापायचे ते येथे ठरते, आणि माझ्या मते माहितीपानाचा प्राण या एका ओळीत आहे. माहितीपान शेवटी असते आणि खिडकीतून आलेला पाहुणा तेथपर्यंत जाईलच असे नाही. शिवाय त्या पानाच्या फाइलला क्रमांकाने नाव मिळते. मध्ये एक भाग वाढला की क्रमांक बदलतो आणि आपण घातलेला दुवा भलतीकडे जातो. म्हणून मजकुराची तारीख आणि ‘जुना दस्तऐवज, उपचारासाठी वापरू नये’ यांसारखी सूचना या तळओळीतच घालावी. येथे ई-मेलचा पत्ता देणार असाल तर सांभाळा. दुहेरी अवतरणांतील ‘ॲट’ या चिन्हाला पर्लमध्ये वेगळा अर्थ आहे. त्याच्या आधी उलटी तिरकी रेघ द्यावी लागते, अन्यथा पत्ता मोडतो किंवा सारे कामच अडते.

तळटीपांसाठी ‘नो-फूटनोड’ हा पर्याय आहे. तो दिला की तळटिपा वेगळ्या पानावर न जाता ज्या पानावर खूण आहे त्याच पानाच्या तळाशी येतात. परंतु त्यावरही विसंबू नये, असे माझे मत. ज्या वाक्यावाचून औषध देणे धोक्याचे आहे ते वाक्य तळटीपेत असूच नये. त्याची जागा मात्रेच्या शेजारी. लहान पत्रकाचे तुकडे न करणे हेही उत्तम. ‘स्प्लिट’ या पर्यायाला शून्य दिल्यास सगळा दस्तऐवज एकाच पानावर राहतो. दोन-चार पृष्ठांच्या आरोग्यपत्रकांसाठी आम्ही आता नेहमी तसेच करतो.

मराठीचा प्रश्न उरतो. माहितीपानाचे इंग्रजी शीर्षकही एका चलात असते व ते बदलता येते. जर्मन व फ्रेंच भाषांसाठी साधनाबरोबर तशा फाइली येतातच. आम्ही ‘या लेखाविषयी’ असे ठेवले. पण पानाची अक्षरसंहिता जुनी युरोपीय असेल तर देवनागरीचा कचरा दिसतो. बिनधोक मार्ग म्हणजे प्रत्येक अक्षर युनिकोडमधील क्रमांकाने देणे. ‘अ’ चा क्रमांक २३०९. हाताने हे करणे अशक्यप्राय, पण भाच्याने चार ओळींची एक युक्ती लिहून दिली आणि काम सोपे झाले.

फाइलीचे नाव

हा मुद्दा व्यवसायबंधूंनी विशेष लक्ष देऊन वाचावा. ठरीव माहितीपानावर रूपांतराची आज्ञा जशीच्या तशी छापली जाते, हे वर आले आहे. त्या आज्ञेत फाइलीचे नाव असते. आपण डॉक्टर मंडळी केसरिपोर्टच्या फाइलीला काय नाव देतो? बहुधा रुग्णाचे आडनाव. लेखात आपण काळजीपूर्वक ‘४५ वर्षांचा एक पुरुष’ असे लिहितो, छायाचित्रात डोळ्यांवर काळी पट्टी ओढतो, आणि शेवटच्या पानावर संगणक त्याचे आडनाव सांगून मोकळा होतो. आमच्या एका शिबिराच्या अहवालात असे एक आडनाव मला वेबवर चढवण्याच्या आदल्या रात्री दिसले. क्षयरोगाचा रुग्ण होता. त्याच्या मुलीचे लग्न ठरायचे होते. त्या रात्रीपासून कच्च्या फाइलीलाही मी रुग्णाचे नाव देत नाही, क्रमांक देतो.

वर्ड वापरणाऱ्यांनी हे आपल्याला लागू नाही असे समजू नये. वर्डमधल्या फाइलीच्या ‘प्रॉपर्टीज’मध्ये लेखक, शीर्षक, संस्था अशी घरे असतात. लेखकाच्या घरात तुमचे नाव नसून पुष्कळदा ज्याच्या नावाने संगणकावर वर्ड बसवले गेले त्याचे नाव असते. वेबपान म्हणून फाइल साठवली की ही माहिती पडद्यावर न दिसता पानाच्या पोटात जाऊन बसते. आज पॅन्डॉक हे २००६ मध्ये जॉन मॅक्फार्लेन यांनी सुरू केलेले साधन अधिक चालते. त्यात लेखाच्या आरंभी शीर्षक, लेखक व तारीख देता येतात आणि ती लेखकाने दिलेलीच छापली जातात. हे मला फार आवडले. मात्र तेथे स्वतंत्र माहितीपान आपोआप येत नाही. आपला साचा आपणच करून घ्यावा लागतो.

आमचे आजचे माहितीपान

१९९४ चे ते पत्रक काढून टाकावे, असे मंडळाच्या बैठकीत काहींचे म्हणणे पडले. मी विरोध केला. सुरतेच्या डॉक्टरांनी त्या आठवड्यांत काय केले, याचा तो कागद पुरावा आहे. ज्या साथीत डॉक्टर पळाले अशी आवई उठली, त्या साथीत थांबलेल्यांनी रात्री जागून तो लिहिला होता. पत्रक राहिले, माहितीपान बदलले. त्याचा मजकूर येथे देतो. कोणीही आपल्या सोयीने बदलून वापरावा.

‘या लेखाविषयी. मूळ लेखन : सुरत, ऑक्टोबर १९९४, प्लेगच्या साथीच्या काळात, व्यवसायबंधूंच्या माहितीसाठी. लेखक : मंडळाचे सभासद असलेले डॉक्टर, नावे पहिल्या पानावर. खर्च : मंडळाच्या निधीतून; औषध कंपनीचे साहाय्य नाही. वैद्यकीय फेरतपासणी : सप्टेंबर २००६, निष्कर्ष असा की हा मजकूर इतिहास म्हणून जतन केला आहे, आज उपचारासाठी वापरू नये. गरोदर स्त्रिया व आठ वर्षांखालील मुले यांनी यातील औषधे डॉक्टरांना विचारल्याविना घेऊ नयेत. वेबरूपांतराची तारीख खाली स्वतंत्र दिली आहे. ती मजकुराची तारीख नव्हे. रूपांतर लेटेक-टू-एचटीएमएल या साधनाने केले असून त्याच्या कर्त्यांचे आम्ही ऋणी आहोत.’

शेवटचे वाक्य मी मुद्दाम ठेवले. साधनकर्त्यांनी वर्षानुवर्षे खपून केलेले काम आपल्याला फुकट मिळते. त्यांचे नाव पुसणे शोभत नाही. फक्त ते नाव लेखकाच्या जागी जाऊन बसू नये.

चालू पत्रकांसाठी आणखी एक घर असते: ‘पुढील फेरतपासणी’. लेप्टोस्पायरोसिसच्या पत्रकात आम्ही दर वर्षी मे महिना लिहितो, म्हणजे पावसाळ्याआधी कोणीतरी ते उघडून वाचते. हे घर भरणे सोपे, पाळणे कठीण. एका वर्षी आम्हीही चुकलो आणि जुलैत घाईघाईने बसलो. रूपांतर झाल्यावर मी आता एक परीक्षा घेतो. पहिल्या पानावरून आत न जाता मधलेच कोणतेही पान उघडतो, ते कागदावर छापतो आणि घरातल्या वैद्यकेतर माणसाच्या हाती देतो. हे केव्हाचे आहे व कोणासाठी आहे, हे त्या एका कागदावरून त्यांना सांगता आले नाही, तर तळओळ पुन्हा लिहितो. आमच्या सौभाग्यवती या परीक्षेत फार कडक आहेत.

त्या बाईंचे बाळंतपण सुखरूप झाले. बाळाचे पहिले दात आले तेव्हा त्या मुद्दाम दाखवायला आल्या. मी टॉर्च लावून पाहिले. दात स्वच्छ पांढरे होते. गोळ्या चारच दिवस पोटात गेल्या होत्या. नवऱ्याने तो कागद परत मागितला नाही. तो अजून माझ्या टेबलाच्या खणात आहे, तळाशी जुलै २००६ असे छापलेला.

वर सांगितलेली इनिट फाइल, मराठी शीर्षकासह, आणि पॅन्डॉकसाठी केलेला साचा मंडळाच्या संगणकावर ठेवला आहे. ज्यांना हवा असेल त्यांनी वार्षिक सभेच्या दिवशी पेन ड्राइव्ह घेऊन यावे. येताना आपल्या एखाद्या जुन्या लेखाची वेबप्रत छापून आणल्यास तिचे शेवटचे पान आपण बरोबरच वाचू.